कानात कंस

कोथिंबीर निवडता निवडता ऑडिओबुक ऐकून प्रोग्रॅमिंग शिकता येतं, या दाव्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. तेवढा तरी बसला तो बायनरी सर्चमुळे, म्हणजे यादीत नाव झटपट शोधायच्या युक्तीमुळे. यादी क्रमाने लावलेली हवी. मग मधलं नाव बघायचं आणि नको ती अर्धी यादी टाकून द्यायची. १,००० नावांत जास्तीत जास्त १० वेळा, १० लाखांत २० वेळा. जुडी संपेपर्यंत डोक्यात पक्कं. दोन कॉम्प्युटरांनी बोलणं सुरू करायची रीत म्हणजे टीसीपी; तिचं 'येऊ का?', 'या, आम्हीही येऊ का?', 'या' हे तीन निरोपांचं प्रकरणही कळतं. लग्नाच्या बैठकीपेक्षा कितीतरी सोपं.

मग ऑडिओबुकचा निवेदक कोड वाचायला घेतो. "इफ एक्स इक्वल इक्वल फाइव्ह कोलन." दोन इक्वल म्हणजे 'सारखं आहे का?', एक म्हणजे 'भरून टाक'. दीडपट वेगाने ऐकताना दोनातला एक इक्वल गळतो. पायथन या भाषेतला कोड अशा वेळी लगेच सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक, दाखवून मोकळा होतो. सी ही भाषा मात्र सोशिक. ती एक्समध्ये मुकाट्याने ५ भरते, अट कायमची खरी ठरते आणि कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर फार तर वॉर्निंग देऊन गप्प बसतो. पायथनची 'रेंज वन कॉमा टेन' ऐकून १० पर्यंत मोजू नका, ती ९ लाच थांबते.

पायथनमध्ये तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आवाजच करत नाही: ओळीच्या सुरुवातीच्या ४ स्पेस. ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत की बाहेर, हे त्या ठरवतात. निवेदक तिथे फक्त श्वास घेतो. तो श्वास ४ स्पेसचा की ८, कोण मोजणार?

ज्यांना रोजच कानाने कोड वाचायचा असतो, त्या अंध प्रोग्रॅमरांची सोय एनव्हीडीए या विंडोजवरच्या फुकट स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहे. इन्सर्ट धरून पी दाबत विरामचिन्हांची पातळी 'ऑल'वर न्यायची, की एकही कंस सुटत नाही. मग सेटिंग्जमध्ये 'डॉक्युमेंट फॉरमॅटिंग' उघडून इंडेंटेशनसाठी, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेसाठी, टोन निवडायचा. ओळ जितकी आत, तितका सूर वर. यातही एक खोच आहे: एका टॅबचा सूर ४ स्पेसइतकाच चढतो. कानाला दोन्ही सारखे, पण त्यांची गोंधळाची सरमिसळ झाली की पायथन ३ टॅबएरर देतो. म्हणून ती जागा बोलून सांगणं आणि टोन, दोन्ही चालू ठेवावं.

आणि हेडफोन लावावा. लूपात लूप, त्यात इफ असा कोड स्पीकरवर वाजला, की घरातलं कुणीतरी मायक्रोवेव्ह बंद करायला उठतं.