रक्तचाचणी ‘नॉर्मल’ आली तरी रक्तदाब मोजावाच लागतो: एक खुलासा

नागपुरातील काही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर असा संदेश फिरत आहे की, गरोदरपणात रक्ताची एक नवी चाचणी ‘नॉर्मल’ आली की बाळंतपणापर्यंत रक्तदाब वाढण्याची भीती नसते आणि तो वारंवार मोजण्याची गरजही उरत नाही. हा दावा चुकीचा आणि धोकादायक आहे.

चाचणी मात्र खरी आहे. वारेला रक्तपुरवठा अपुरा पडला, तर तिच्यातून येणारा पीएलजीएफ हा घटक कमी होतो आणि त्याला निष्प्रभ करणारा एसएफएलटी-१ वाढतो. ही चाचणी या दोहोंचे गुणोत्तर (एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ) मोजते. ते ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील एका आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळाला धोका निर्माण करणारा आजार, होण्याची शक्यता फार कमी असते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. एका आठवड्यात, उरलेल्या सर्व महिन्यांत नव्हे. शिवाय त्या अभ्यासात आजाराची शंका आलेल्या महिलाच होत्या. गुणोत्तर जास्त आले म्हणून आजार ठरलाच असेही नाही. तशा महिलांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनाच चार आठवड्यांत तो झाला.

निदानाचा पाया आजही १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने हाच आहे. ही साधी तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत होते. ती चुकवू नये, अशी कळकळीची विनंती आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगड्यांखाली दुखणे जाणवल्यास, आधीचा अहवाल कितीही चांगला असला तरी, ताबडतोब रुग्णालय गाठावे.