हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा!

फाशी झालेल्या एका कैद्याच्या दयेच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला काल सरकारी ऑफिसात गेले आणि पुन्हा तेच वाक्य ऐकून आले. “मॅडम, फाईल वर गेलीय.”

वर म्हणजे कुठे? कोणाकडे? कोणत्या तारखेला? काही पत्ता नाही. मी आवक नंबर दाखवला, पोचपावतीची झेरॉक्स पुढे केली. टेबलामागच्या बाबूने ती हातातही घेतली नाही. नजर कॉम्प्युटरवर, डबा अर्धा उघडलेला, आणि तोंड उघडलं ते हे सांगायला: “फाशीचं मॅटर आहे, वेळ लागणारच. आणि तुमचं तर बरंच आहे ना? जितका उशीर, तितका तुमचा माणूस जिवंत.”

माझ्या शेजारी त्या कैद्याची आई उभी होती.

सत्तरीची बाई. रात्रभर एसटीत बसून आलेली. पिशवीत मुलाच्या जुन्या शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तिने ते वाक्य ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. मी ओरडले. होय, ओरडले, आणि आज पुन्हा ओरडेन. सगळी खोली वळून बघायला लागली. तर पलीकडच्या टेबलावरून मलाच सूचना: “मॅडम, आवाज खाली. हे ऑफिस आहे.” म्हातारीला पाणी विचारायला कोणी उठलं नाही, माझा आवाज मात्र सगळ्यांना टोचला!

‘बरंच आहे’ म्हणे. अरे, फाशी यार्डातल्या माणसाला विचार, रोज पहाटे पावलं वाजली की त्याचं काय होतं. ही बाई अनोळखी नंबरचा फोन आला की उचलत नाही, शेजारच्या पोराला उचलायला लावते. किती वर्षं काढायची माणसाने अशी?

मी फाशीच्या विरोधात आहे, ते लपवत नाही. पण कालचा राग त्याचा नाही. नाकारायचा असेल तर नाकारा अर्ज! कारण लिहा, सही करा, मी पुढच्या कोर्टात जाईन. संविधानाने राष्ट्रपतींना कलम ७२ आणि राज्यपालांना कलम १६१ने शिक्षा माफ किंवा कमी करायचा अधिकार दिला तो निर्णय घेण्यासाठी. त्यांच्यापर्यंत कागद पोचवण्याचं काम ज्यांचं, ते फाईल दाबून बसतात.

आपल्याच राज्यातलं बघा. कोल्हापूरच्या गावित बहिणी. मुलं पळवायची, चोऱ्यांसाठी वापरायची, नडायला लागली की मारून टाकायची. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली फाशी कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१४ साली. मधली वर्षं फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी ढिलाईवर कोरडे ओढत फाशीची जन्मठेप केली. म्हणजे दया कोणी दाखवली नाही, फाशीही झाली नाही. उशीर झाला, म्हणून शिक्षा बदलली. ज्यांची लेकरं गेली त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यांनाही कोणी नीट ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगितलं नाही. त्यांच्यासाठीही माझं रक्त उकळतं, हे लिहून ठेवा.

बरं, त्यातून कोणी शिकलं? पुण्यातलं २००७ चं प्रकरण घ्या, रात्रपाळीला निघालेल्या मुलीवर कॅबमध्ये बलात्कार करून खून. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळला. त्यानंतर फाशीचं वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडला. फेटाळल्यानंतर! ठरवायचं काही उरलंच नव्हतं, नुसती तारीख घ्यायची होती, त्यालाही जवळजवळ दोन वर्षं. उच्च न्यायालयाने ती फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना राज्यांना बजावलं की दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष करा, कागद वेळेत पाठवा. असला आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागतो यातच सगळं आलं.

आणि जमत नाही असंही नाही. कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली २९ ऑगस्ट २०१२ ला. २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झालीसुद्धा. तीन महिन्यांच्या आत दयेच्या अर्जासकट सगळं उरकलं. म्हणजे इच्छा असली की हीच यंत्रणा धावते. पण त्या धावण्यातही माणुसकी असतेच असं नाही. संसद हल्ल्यातल्या अफझल गुरूला फेब्रुवारी २०१३ मध्ये फाशी दिली आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट फाशीनंतर दोन दिवसांनी पोचलं. सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली लिहून द्यावं लागलं की अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीआधी निदान १४ दिवस द्या. शेवटची भेट घ्यायला!

नवीन नागरी सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, दयेच्या अर्जाला मुदती आल्या म्हणून कोणी मला समजावू नका. मुदत कोणाला आहे? कैद्याला. ३० दिवसांत अर्ज कर. केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची, पण ते दिवस मोजायचे राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगाचे कागद हाती आल्यापासून. राज्याने तो अभिप्राय कधी पाठवायचा? त्यावर एक अक्षर नाही.

आमच्या सोसायटीतले काका परवा लिफ्टमध्ये म्हणाले, “कशाला पोसायचं असल्यांना, लटकवा ना.” काका, तुम्ही तुमच्या पेन्शनच्या एका कागदासाठी चार महिने खेटे घातलेत, आठवतंय? त्याच टेबलांवरून ही फाईल जाते. तीच माणसं, तोच ‘उद्या या’, तीच ‘पूर्तता करा’ची चिठ्ठी. त्या फाईलमध्ये निकालपत्रं असतात, वैद्यकीय अहवाल असतो, तुरुंगातल्या वागणुकीची नोंद असते. यातला एक कागद कमी असला की सगळं परत, आणि तो कमी आहे हे सांगायलाच सहा महिने. ‘प्रक्रियाधीन’ हा शब्द मला आता सहन होत नाही. कोणत्या हरामखोराने काढला तो?

काल शेवटी तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला. शिक्का मारून घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून तिथेच उभी राहिले, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. मावशी बाहेर बाकावर बसून होत्या. स्टॅण्डवर सोडायला गेले तर माझा हात धरून विचारलं, “ताई, मंग मी त्याला भेटीत काय सांगू?”

मला उत्तर देता आलं नाही. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या.