हटके दिसायचा गणवेश

नवरात्र होऊन बरेच दिवस झाले त्यामुळे आता बोलायला हरकत नाही, ऐन नवरात्रात हे लिहिलं असतं तर ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला वाळीत टाकलं असतं.

तर ते नऊ रंग. कुठल्या पोथीत नाहीत की पुराणात नाहीत, वर्तमानपत्राने सुरू केलेला खेळ आहे तो, आणि सरळ वारावर चालतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा आणि शनिवार आला की राखाडी. राखाडी साडी पूर्वी दुकानदाराने गाठोड्यातून नुसती बाहेर काढली तरी आपल्या आया "हे काय दाखवताय, सणाला" म्हणायच्या, आता तीच राखाडी महिनाभर आधी शोधत फिरतात. मजा येते हे मी नाकारत नाही हां, डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात सकाळी सगळ्या पिवळ्या बघितल्या की बरं वाटतं, अनोळखी बायका एकमेकींकडे बघून हसतात, जे एरवी त्या डब्यात चौथ्या सीटवरून होणाऱ्या भांडणात कधी दिसत नाही. पण त्यात कोणी "ही माझी स्टाइल" असं म्हणत नाही. सगळ्यांना माहितीये की आज ड्रेसकोड आहे. हिशेब साफ.

माझं डोकं फिरतं ते दुसऱ्या प्रकाराने. "मी ट्रेंडबिंड फॉलो करत नाही गं, माझी स्वतःची अशी एक स्टाइल आहे" हे वाक्य मी गेल्या दोनेक वर्षांत ज्या ज्या बाईकडून ऐकलंय तिच्या अंगावर खणाची साडी होती, गळ्यात ऑक्सिडाइज्डचा पसाभर ऐवज, कपाळावर चंद्रकोर, ब्लाऊजच्या पाठीवर नथीचं किंवा कमळाचं चित्र आणि पायात पांढरे स्नीकर्स. प्रत्येकीच्या. एकदा एका साहित्यिक कार्यक्रमाला गेले तर पहिल्या तीन रांगा अशा की कोणी वरून फोटो काढला असता तर शाळेचं गॅदरिंग वाटलं असतं. पुरुषांचं वेगळं नाही, लिननचा कुर्ता, वर जॅकेट, कोरलेली दाढी आणि पायात कोल्हापुरी जी अजून चावते म्हणून दर अर्ध्या तासाने हळूच काढून ठेवायची. (कोल्हापुरीला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यातल्या किती जणांनी घेतली होती कोण जाणे, २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या आणि मग आपल्या सगळ्यांचा अभिमान एकदम जागा झाला.)

आणि खण म्हणाल तर तो मुळात साडीचा कपडाच नाही. पलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड आहे, तिथल्या मागावर तो विणला जायचा तो चोळीसाठी, पन्हा अरुंद, एका चोळीपुरता तुकडा, त्रिकोणी घडी घालून ओटीत द्यायचा. आमच्या आजीच्या ट्रंकेत असे पंधरा-वीस खण पडून असायचे, त्यातले निम्मे इकडून आले की तिकडे ओटीत फिरवायचे. मग कोणाला तरी सुचलं की याची साडी करू. ज्या पहिल्या बाईला सुचलं असेल ना, तिची ती स्टाइल. तिला माझा साष्टांग नमस्कार. तिच्यानंतर आपण सगळ्या रांगेत उभ्या. बाजारात आता जी दिसते त्यातली बरीचशी यंत्रमागावरची असते आणि ती नेसून आपण पारंपरिक कलेला आधार दिला असं कॅप्शन टाकतो.

मला खणाची साडी नेसण्याबद्दल काही म्हणायचं नाही, माझ्याकडेही दोन आहेत. म्हणायचंय एवढंच की अंगावर काय आहे ते सोडा, ते अंगावर यायचं कोणी ठरवलं ते बघा. रीलने ठरवलं, पेपरने ठरवलं, सासूने ठरवलं, की तुम्ही? ठरवणारी तुम्ही असाल तर मग तुम्ही पोलीस गणवेशाच्या खाकी रंगाचा कुर्ता घाला की चारचौघींसारखी साधी कॉटनची साडी नेसा, ती तुमचीच.

कपडे ठरवण्याचा हक्क ही काय चीज आहे हे आपल्याच मातीत लोकांनी दाखवून दिलंय, आपण मात्र स्टाइल म्हटलं की पॅरिस नाहीतर बॉलिवूड. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला सगळे जरीची पागोटी, शाली, हिरे-मोती घालून आलेले आणि जोतीराव फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी. त्या माणसाची बांधकामाची कंत्राटं होती, चांगले कपडे परवडत नव्हते असला प्रकार नव्हता. राजपुत्राला सांगायचं होतं की इथे बसलेत ते म्हणजे देश नव्हे, आणि तोंड उघडायच्या आधी निम्मं बोलणं त्या घोंगडीने करून टाकलं.

आता बरोब्बर उलटं बघा. डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली ते आपल्याला माहीत असतं, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना वेगळं सांगितलं की लुगडं असं गुडघ्यापर्यंत वर खोचून नेसू नका, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा, गळ्यातल्या त्या ढीगभर गळसऱ्या आणि हातभर गोठ-पाटल्या काढा कारण त्यावरून लांबूनच जात ओळखू येते. म्हणजे त्या बायकांच्या अंगावरचा कपडा त्यांनी निवडलेलाच नव्हता, गावाने त्यांच्यावर चिकटवलेली ती पाटी होती. बाबासाहेब स्वतः थ्री-पीस सुटात, आणि त्यावरून आजही काही शहाणे नाक मुरडतात की भारतीय पोशाख का नाही केला. अहो ज्यांना "तुम्ही असंच राहायचं" म्हणून शतकानुशतकं सांगितलं त्यांच्यासाठी कडक इस्त्रीचा सूट म्हणजे काय असेल याचा जरा विचार करा. फुल्यांनी खाली उतरून घोंगडी घेतली, आंबेडकरांनी सूट घातला, आणि मला विचाराल तर दोघांनी एकच गोष्ट केली.

त्यामुळे "कपड्यात काय एवढं, माणूस मनाने चांगला पाहिजे" असं जेव्हा कोणी म्हणतं ना तेव्हा माझी खात्री असते की या माणसाला कपड्यावरून कधी कोणी दारात थांबवलेलं नाही.

आमच्या आत्याची गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. बरोबरीच्या सगळ्या बायका पाचवारीवर आल्या तरी ही नऊवारीतच, लोकांना वाटायचं जुन्या वळणाची आहे. कसली जुनी. सायकल चालवायची ती, आणि काष्ट्यात सायकल चालवता येते, पाचवारीत निऱ्या चेनमध्ये जातात, एवढं साधं कारण. हातात पुरुषांचं मोठ्या डायलचं घड्याळ कारण बायकांच्या घड्याळातले आकडे तिला दिसायचे नाहीत, पायात कॅनव्हासचे बूट आणि कनवटीला पैसे, शाळेची किल्ली आणि खडूचा तुकडा. पर्स तिच्याकडे नव्हतीच. लग्नाकार्यातही तसंच घड्याळ, फक्त साडी बदलायची. काकू म्हणायच्या, "वन्सं, निदान आज तरी ते घड्याळ काढा." आत्या म्हणायची, "मग वेळ काय तुमच्या बांगड्यांत बघू?" तिने स्टाइल हा शब्द आयुष्यात वापरला नसेल पण गावात कोणी मागून जरी बघितलं तरी ओळखायचं, बाई चालल्या.

त्या कनवटीवरून आठवलं, खिसा. नऊवारी गेली आणि बायकांचा खिसा गेला, मग पर्स आली आणि आपण आयुष्यभर एक खांदा वाकडा करून चालायला लागलो. रेडीमेड कुर्तीला खिसा नसतो आणि असला तर त्यात लोकलचा पाससुद्धा आडवा राहतो. म्हणून मी शिवून घेते. स्टेशनच्या अलीकडे गल्लीत आमचे मास्टर आहेत, दीड माणूस मावेल एवढं दुकान, गळ्यात टेप, कानावर खडूची वडी. पहिल्यांदा खिसा सांगितला तेव्हा म्हणाले, "मॅडम, खिसा ठेवला तर साइडने फुगा दिसंल." म्हटलं दिसू दे. मग "फिटिंग जाईल". म्हटलं जाऊ दे. मग त्यांनी एक सुस्कारा सोडून वहीत लिहिलं, खिसा दोन बाजू, खोल, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या, म्हणजे बाई ऐकत नाही. आता ते स्वतःच विचारतात की मोबाइल मोठा घेतला का, माप वाढवू का. मुंढा किती सैल, बाही कोपराच्या वर की खाली, गळा मागून किती, आत दाब किती सोडायचा म्हणजे पुढच्या वर्षी जाड झाले तर उसवता येईल, असे सतरा निर्णय एका कुर्त्यात असतात आणि रेडीमेड घेताना ते सतरा निर्णय कोणीतरी आधीच घेऊन टाकलेले असतात, आपल्या हातात राहतं फक्त एम, एल, नाहीतर एक्सेल. सेलमध्ये तर तेही राहत नाही, जे उरलंय ते आपलं.

हे सगळं परवडणाऱ्यांचे चोचले आहेत असं कोणी म्हणेल, तर थोडं खरं आहे. शिलाई महाग झालीये, कापड वेगळं, अस्तर वेगळं, दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि दिवाळीच्या तोंडावर मास्टर लोकांचे "उद्या" हे जगातलं सगळ्यात मोठं खोटं असतं. पण एक कुर्ता पाच वर्षं अंगावर टिकतो आणि तोवर रीलवर निदान दहा वेळा हटकेपणा बदलून झालेला असतो.

आता रडगाणं असं की मास्टर पुढच्या मेमध्ये दुकान बंद करून गावाला चाललेत, मुलाला यात यायचं नाही आणि त्या जागेत मोबाइल कव्हरचं दुकान होणार आहे म्हणे. मी आत्ताच चार कुर्त्यांचं कापड देऊन ठेवलंय. तरी डोंबिवली ते ठाणे पट्ट्यात कोणाच्या ओळखीत वाद न घालता खोल खिसा शिवणारे शिंपी असतील तर सांगा. थोडा वाद घातला तरी चालेल.