कडक कायदा सरकारला परवडत नाही म्हणे!

'ड्रंक अँड ड्राइव्हचे कायदे कडक केले तर सरकार खर्चाने बुडेल' असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. काल तो आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला आणि ज्या भाच्याच्या हातात नुकतंच लायसन पडलंय त्याने खाली लगेच अंगठा दिला, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

म्हणे चौकाचौकात नाकाबंदी लावायची तर हजारो पोलीस नव्याने भरावे लागतील. अहो, हे आपल्याच देशात करून बघितलंय! राजस्थान पोलिसांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञ मंडळींसोबत प्रयोग केला, काही ठिकाणी नाकाबंदी एकाच जागी ठेवली आणि काही ठिकाणी जागा बदलत ठेवली. एकाच जागी ठेवली तिथे काही विशेष फरक पडला नाही, आणि जागा बदलत राहिली तिथे रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. त्यात पोलीस लाइनमधल्या राखीव, म्हणजे आधीच पगारावर असलेल्या माणसांची पथकं ठाण्याच्या पथकांपेक्षा चांगलं काम करून गेली. आपल्याकडे 31 डिसेंबरला काय होतं? ठरलेल्या पुलावर बॅरिकेड लागतं आणि अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपवर मेसेज, 'वरून जाऊ नका, फुंकायला लावतायत, खालच्या रोडने या'. मग ते बॅरिकेड उद्या दुसरीकडे हलवायला किती कोटी लागतात ते सांगा ना!

दुसरं, दारूचा महसूल बुडेल. पिऊ नका असं कोण म्हणतंय, पिऊन स्टेअरिंगवर बसू नका एवढंच, रिक्षाने घरी जा. आणि जून 2025 मध्ये राज्य सरकारने स्वतःच दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा विक्री पडेल म्हणून सरकार रडत बसलं नव्हतं.

कोर्टावर बोजा पडेल, हे मात्र अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं, आणि तारखा पडतात. पण पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, गाडी 17 वर्षांच्या मुलाच्या हातात होती, अपघात मध्यरात्रीनंतरचा आणि त्याचं रक्त घेतलं सकाळी उशिरा, वर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. यात पैशाची कमतरता कुठे आडवी आली?

वयाचं म्हणाल तर महाराष्ट्रात कडक दारूला 25 आणि गोव्यात 18, हे विचित्र आहे, मान्य. पण 17 वर्षांचा मुलगा गोव्याच्या नियमातही बसत नाही, त्याला दारू देताना वय विचारायला कसला आलाय खर्च?

आणि काका, त्या फॉरवर्डमध्ये त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ चा उल्लेखच नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ग्रुपमध्ये अजून तीन घरांत शाळकरी पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे टाका.