नैरोबीच्या म्युझियममधला ‘खोटा हत्ती’: टूर कंपनीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

एकच स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, “जंगल बघायला पैसे भरले आणि पहिला दिवस म्युझियममधले मेलेले पक्षी आणि अंगणातला खोटा हत्ती बघण्यात गेला. चौथीतला मुलगा रडकुंडीला आला.” मुलाचं वाचून फार वाईट वाटलं. चूक आमची आहे. विमानतळावरून निघायलाच उशीर झाला, तुमचा ग्रुप सव्वाचारला पोचला आणि नैरोबी नॅशनल म्युझियम साडेपाचला बंद होतं. आमच्या टूर मॅनेजरनं तुम्हाला दालनांमधून नुसतं पळवलं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला हवं होतं. तुमच्या तिघांच्या तिकिटांचे पैसे परत करतोय.

पण त्या हत्तीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो अहमद. केनियाच्या उत्तरेला मार्साबिटच्या जंगलात राहायचा. सुळे इतके लांब, की जमिनीला टेकायला आलेले. शिकाऱ्यांचा त्यांच्यावर डोळा होता, म्हणून राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी खास आदेश काढून त्याला संरक्षण दिलं, पहारा बसवला. १९७४ साली तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं गेला. अंगणातला पुतळा फायबरचा आहे, बरोबर. पण आत सस्तन प्राण्यांच्या दालनात जो सांगाडा उभा आहे, तो त्याचाच, खऱ्या हाडांचा. तुम्हाला कुणी तिथं थांबवलंच नाही, याची मला जास्त खंत आहे.

त्याच म्युझियममधल्या ‘तुर्काना बॉय’चंही तेच, म्हणजे एका आदिमानव मुलाच्या सांगाड्याचं. १९८४ मध्ये तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला जीवाश्म शोधणारे कामोया किमेऊ यांना काडेपेटीएवढा हाडाचा तुकडा दिसला, आजूबाजूच्या खड्यांसारखाच काळपट. तो कवटीचा निघाला. पुढे खणत गेल्यावर सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. वय आठ-नऊ असावं, असं बरेच संशोधक मानतात. म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाचा, उंची मात्र पाच फुटांच्या वर! हे गाडीतच सांगितलं असतं, तर मुलानं स्वतःच तो शोधला असता.

म्युझियम मी कार्यक्रमातून काढणार नाही. अहमद माहीत असला, की मसाई मारात हत्ती दिसल्यावर नजर आधी सुळ्यांकडे जाते. मात्र पुढच्या ग्रुपपासून भेट सकाळी, निवांत अडीच तास. ज्यांना नको, त्यांच्यासाठी त्या वेळात जिराफ सेंटर.

पुण्यातल्या ऑफिसला मुलाला घेऊन जरूर या. अहमदच्या सांगाड्याचे मी काढलेले फोटो आहेत, त्याला दाखवतो.