दप्तरी दाखल

गेल्या गणपतीत गावी गेलो असताना आतेभावाने देवघराच्या फळीवरून एक सरकारी लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. आत चारच ओळी होत्या: कळवूनही तक्रारदाराने मुदतीत म्हणणे सादर केले नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

प्रकरण असे की, 2023च्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात आंदोलनाचे वातावरण तापलेले असताना त्याला बाजारातून परतताना इतर चौघांबरोबर गाडीत घातले, ठाण्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतले आणि संध्याकाळी सोडून दिले. गुन्हा नोंदवला नाही. हा बोटीवर नोकरी करणारा माणूस. पोलिसांच्या दाखल्यावाचून त्याचे चालत नाही. ते ठसे कुठे गेले आणि किती काळ राहणार, एवढेच त्याला हवे होते. म्हणून त्याने मानवी हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका कार्यालयाकडे अर्ज केला. तिथून 15 दिवसांत प्रतिज्ञापत्र देण्याविषयी आलेले पत्र गावी पोचले तेव्हा तो समुद्रावर होता, आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईत लेकीकडे होती आणि घराला कुलूप होते. शेजाऱ्यांच्या ओटीवर ठेवलेले ते पत्र हाती लागेपर्यंत भातकापणी उरकली होती.

त्याच्या प्रश्नाला कायद्यात आधार नव्हता असे नाही. 1920चा जुना कायदा मोडीत काढून 2022 साली आलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद, सही आणि हस्ताक्षर असे सारे गोळा करून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 75 वर्षे जपण्याची तरतूद केली आहे. ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर न्यायालयाने सकारण वेगळा आदेश दिला नसल्यास त्याची नोंद नष्ट करावी, असेही तोच कायदा सांगतो. मात्र नियमांत त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे विनंती करण्याची वाट ठेवली आहे. शिवाय पोलिसांचा ठसे घेण्याचा अधिकार शिक्षा झालेल्यांपुरता, गुन्ह्यात अटक झालेल्यांपुरता, प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या लोकांपुरता आणि चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीसाठीच्या कारवाईत, जामीन लिहून द्यायला लावलेल्यांपुरता आहे. दुपारी उचलून संध्याकाळी सोडलेला माणूस यांतल्या कोणत्या रांगेत बसतो? पोलिसांना मुळात ठसे घेता येत होते का, हा खरा प्रश्न होता, आणि तो कोणी तपासलाच नाही.

मी इंग्लंडमधल्या ज्या शेफिल्ड शहरात 14 वर्षे राहतो, तिथल्याच दोघांनी हा प्रश्न स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला होता. एक 11 वर्षांचा मुलगा निर्दोष सुटला होता आणि मार्पर नावाच्या गृहस्थांवरचा खटला सोडून देण्यात आला होता. तरी दोघांचे ठसे आणि डीएनए पोलिसांनी ठेवून घेतले. 4 डिसेंबर 2008 रोजी 17 न्यायाधीशांनी एकमताने ते खाजगी आयुष्याच्या हक्काचे उल्लंघन ठरवले. म्हणून इकडे सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये, कारण त्या निकालानंतर नवा कायदा व्हायला 2012 उजाडले. आणि ज्यांना शिक्षा झालेली नाही त्यांचे कोठडीतले फोटो काढून टाकण्यासाठी 2017च्या धोरणाने त्यांनाच अर्ज करायला लावले. म्हणजे पुन्हा विनंती, पुन्हा पाठपुरावा.

ब्रायटनचे जॉन कॅट हे शांततावादी गृहस्थ निदर्शनांना जाऊन तिथे चित्रे काढीत. पोलिसांनी त्यांची हजेरी 'अतिरेकी' म्हणून चालवलेल्या नोंदवहीत मांडून ठेवली होती. 2010 साली त्यांनी माहिती मागितली; मग उच्च न्यायालयात हरले, अपिलात जिंकले, 2015 साली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा हरले आणि जानेवारी 2019मध्ये स्ट्रासबर्गला जिंकले, तेव्हा त्यांचे वय 94 होते. आमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्याने बांधाच्या वादात एवढी वर्षे काढली असती, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढले असते. कॅट यांच्या पाठीशी वकील होते, आणि निवृत्त माणसाला वेळही असतो. हक्क मिळवण्यासाठी ही दोन्ही भांडवले लागत असतील, तर बोटीवरच्या खलाशाने काय करावे?

गावातल्या गप्पांत माझे हे बोलणे अनेकांना पटले नाही. 'काही केलेच नाही, तर ठशांना भ्यायचे कशाला?' हा नेहमीचा सवाल आला. चाकरमान्यांची घरे वर्षातले 10 महिने बंद असतात, त्यांत होणाऱ्या चोऱ्या ठशांवरूनच उघडकीला येतात, असे एकाने सांगितले. ते मला मान्य आहे. पण चोराचे ठसे जपायला माझा विरोध नाहीच. ज्या बंद घरातली चोरी पोलिसांना सहज समजते, त्याच बंद घरात आलेले पत्र कोणी वाचले नसेल, हे कार्यालयाला का समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तक्रारदार गप्प बसला की फाइल बंद करण्याचा अधिकार स्ट्रासबर्गच्या न्यायालयालाही आहे. युरोपीय करारातले 37वे कलम तसे सांगते. पण मानवी हक्कांच्या आदरासाठी गरज असेल तर तक्रारदाराच्या मौनानंतरही तपासणी चालू ठेवावी, असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे, आणि काढून टाकलेले प्रकरण पुन्हा पटावर घेण्याची सोयही ठेवली आहे. आपला 1993चा मानवी हक्क संरक्षण कायदाही यात मागे नाही. त्याच्या 12व्या कलमानुसार मानवी हक्क आयोग कोणाच्याही अर्जाविना, स्वतःहून चौकशी करू शकतो. ज्याला अर्जाची गरज नाही, त्याला प्रतिज्ञापत्राअभावी हात बांधले गेल्याचे कसे सांगता येईल? आतेभावाच्या अर्जावर मोबाईल नंबर लिहिलेला होता. त्यावर कोणी एक फोन केला नाही.

आता नव्याने अर्ज करावा म्हटले, तर त्याच कायद्याचे 36वे कलम आडवे येते, कारण घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. घटना 2023ची आहे. नियमांतल्या त्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठसे नष्ट करण्याची विनंती मात्र अजून करता येईल असे मला वाटते, म्हणून तिचा मसुदा मी त्याला लिहून दिला आहे. खाली पत्ता माझ्या मुंबईतल्या बहिणीचा घातला आहे, कारण तिच्या घराला कुलूप नसते.