मधुमेह-संशोधक व्हा! घरबसल्या, विनापदवी

मंडळी, निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न सोलापुरात आता उरलेला नाही. पूर्वी माणसं भजनी मंडळात जायची, सोसायटीचं सेक्रेटरीपद धरून बसायची, नाहीतर पाणी किती दिवसांआड येतं यावर महापालिकेला पत्रं लिहायची. आता मधुमेहावर संशोधन करतात. सामान फार लागत नाही. शुगर मोजायचं एक मशीन, एक दोनशेपानी वही, व्हॉट्सॲपचे चार ग्रुप आणि 'नाही' म्हणायला लाजणारे नातेवाईक. जुळे सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी नुकताच असा प्रकल्प तडीस नेला. तो आमच्या आत्याच्या अंगावर झाल्यामुळे मला फार जवळून पाहता आला. तेव्हा लिहून घ्या.

सुरुवात माणसं जमवण्यापासून. फार जमवू नका. अमेरिकेतल्या डीपीपी या मधुमेह टाळण्याच्या अभ्यासात 3,234 माणसं होती. आपल्या चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 घेतली, त्यांचे चार गट पाडले, अडीच-तीन वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला आणि 2006 साली सांगितलं काय, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी चालणं-खाणं सुधारलं तर धोका 28.5 टक्क्यांनी कमी होतो. अठ्ठावीस पॉइंट पाच! हा काय आकडा झाला? एवढ्यावर शिबिराचं मंगल कार्यालय भरत नाही. तुम्हाला एक मेहुणा पुरे. त्याला घरचा काढा पाजायचा. त्याची शुगर उतरली की निकाल शंभर टक्के.

मेहुणा गुपचूप मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असेल तर ते वहीत लिहायचं नाही.

काढा न घेता नुसतंच चालणारा आणि गोड सोडलेला दुसरा मेहुणा तुलनेला उभा करायचा मोहही टाळा. त्याचीही शुगर तेवढीच उतरली तर काढ्याचं काय करायचं?

मुदत 21 दिवसांची ठेवा. ब्रिटनचा मधुमेहावरचा यूकेपीडीएस अभ्यास 1977 ला सुरू झाला, 5,102 पेशंट घेतले आणि मुख्य निकाल लागला 1998 साली. तोवर आपल्या तीन बॅचेस नाही, तीनशे बॅचेस निघतील. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीए1सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब मांडते. असली चोंबडी तपासणी आपल्या कामाची नाही. आपण सकाळची उपाशीपोटीची शुगर धरायची, तीही आदल्या रात्री न जेवता. आकडा चांगला आला की मशीनचा फोटो ग्रुपवर. जेवणानंतरची मोजायची नसते, उगाच मूड जातो.

अर्ध्यात सोडून गेलेले मोजू नका. त्यांची श्रद्धा कमी पडली.

आहाराचं संशोधन सोलापूरकराला वेगळं करावं लागत नाही, ते अंगातच असतं. "ज्वारी खाणाऱ्याला शुगर होत नाही की ओ!" असं म्हणत मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या शेंगाचटणीशी चेपायच्या. ज्वारीतही दोन तृतीयांश पिष्टच असतं, पण ते भाकरीला कळू देऊ नका. आणि किडकिडीत माणसाला तपासायचंच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. म्हणजे वरून बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असं नाही. असेल बुवा. ते पुण्याचं झालं.

आता सगळ्यात मोठी युक्ती. परदेशातलं एखादं संशोधन तोंडी लावायला लागतंच, त्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही. पण ते मथळ्यापर्यंतच वाचायचं. काकांना असंच एक सापडलं होतं, 'डायरेक्ट' नावाचं. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या 306 पेशंटांवर झालेलं, 2017 साली प्रसिद्ध झालेलं. एका गटाच्या शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या आणि तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या सूप-शेकवर ठेवलं. मग हळूहळू जेवण. वर्षअखेर त्यातल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार चालू असलेल्या दुसऱ्या गटात असे निघाले 4 टक्के. खरं संशोधन आहे. चांगलं आहे. काकांनी त्यातून घेतलं काय? 'मधुमेह बरा होतो, इंग्लंडात सिद्ध झालं.' बस्स. मथळा संपला, काका संपले.

पुढच्या पानावर लिहिलंय की मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं उलटलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. इन्सुलिनवर असलेल्यांना घेतलं नव्हतं. आत्याला शुगर माझ्या शाळेच्या दिवसांपासून आहे आणि इन्सुलिनही कित्येक वर्षं चालू आहे. स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी जिला दारातूनच परत पाठवलं असतं, तिला काकांनी पहिल्या रांगेत बसवलं. फी भरून. "इन्सुलिन ही शरीराला लावलेली सवय आहे, मोडा," असं माईकवर सांगितलं. आत्याला माईकवरून सांगितलेलं सगळं खरं वाटतं. आधी संध्याकाळचं इंजेक्शन बंद झालं, मग सकाळचं. वर काकांचं चूर्ण, दोन वेळा कोमट पाण्यातून. तोंडाला कोरड पडायला लागली, रात्रभर बाथरूमच्या खेपा सुरू झाल्या, तिने बिचारीने फोन केला, तर उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." मग उलट्या. मग धड बोलता येईना. मशीनवर आकडासुद्धा उमटेना, नुसतं 'हाय' (HI) यायचं, म्हणजे मशीनला मोजता येईना इतकी शुगर जास्त. कॅज्युअल्टीत सलाईन लावता लावता त्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?" आणि आत्या ग्लानीत म्हणाली, "मी संशोधनात आहे."

काका भेटायला आले होते. शहाळं घेऊन. म्हणाले, "पथ्य मोडलं असणार."

बरं, चिडून उपयोग नाही. शुगर झाली की हार्मोनकडे वळा, तिथे तर रान मोकळं आहे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवायची असते. तुम्ही ती दुधाच्या चहात बुडवा आणि 'ॲलोपॅथी लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व खात खात थायरॉईडची टीएसएच तपासणी केलीत तर काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. तो तुमच्या काढ्याचा गुण समजावा. आणि पीसीओएस, म्हणजे बायकांच्या पाळीचा-हार्मोनचा तो बिघाड? 2003 साली रॉटरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि तीन लक्षणांपैकी दोन असतील तर निदान करावं असं ठरवून उठले. उपचार मात्र आमच्या मांडवात मावशीबाईंनी त्यांच्याही आधी शोधलेला आहे: "लग्न झालं की होतंय सगळं नीट."

एवढं झाल्यावर सात रस्त्याला फ्लेक्स लावा, 'मधुमेहमुक्त सोलापूर'. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. पण फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो असतील तर कायदा खालून निघून जातो.

आता गंमत पुरे. त्या चूर्णाच्या पिशवीवर नाव नव्हतं. आत काय आहे ते नव्हतं. कुणी केलं, कधी केलं, काही नाही. नुसती प्लास्टिकची पिशवी आणि रबर. असल्या चूर्णांत शुगर उतरवणारी ॲलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली सापडल्याची उदाहरणं आहेत. किती कुटली, कुणाला माहीत? ते तुम्ही डोळे मिटून गिळता. आणि खऱ्या अभ्यासासाठी दारात कुणी रक्ताचा नमुना मागायला आलं की दार लावून घेता, "आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत?" अहो, तिथे पेशंटवर अन्याय होत नाही ना हे पाहणारी एथिक्स कमिटी असते. तुम्हाला समजेल अशा भाषेत कागद वाचून दाखवतात, मग सही घेतात. मधेच सोडून जायची मुभा असते. औषधाची चाचणी असेल तर 15 जून 2009 पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणी द्यायची हे 2019 च्या नियमांत लिहिलंय. तिथे तुम्ही उंदीर, आणि काकांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून पैसे मोजून पिशवी घेताना कोण?

देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत हा आकडा काकांच्या प्रत्येक भाषणात असतो. तो आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून 2023 साली आला, कारण देशभरच्या एक लाख तेरा हजारांवर माणसांनी दार लावून न घेता माहिती दिली, रक्त दिलं. आकडा वापरायला लाज वाटत नाही, त्यामागचे कष्ट समजून घ्यायला मात्र वेळ नाही.

आणि ते इन्सुलिन. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं. पहिल्या इंजेक्शनने धड गुण आला नाही, वर ॲलर्जी उठली. त्यांनी ते लिहून ठेवलं, लपवलं नाही. औषध आणखी शुद्ध केलं, पुन्हा टोचलं आणि पोरगं वाचलं. त्याआधी अशी पोरं उपाशी ठेवून दिवस मोजत मरायची. त्याला तुम्ही 'सवय' म्हणता?

काका, हे तुमच्यापर्यंत पोचेलच, ग्रुप एकच आहे. तुमच्या वहीत आत्याचं नाव 'मुक्त' म्हणून लिहिलंय ते आजच्या आज खोडा. शेजारी त्या रात्रीची तारीख घाला आणि मशीनवर काय दिसत होतं ते लिहा. तिच्याकडून घेतलेले पैसे परत आणून द्या. त्या बॅचमध्ये इन्सुलिन सोडायला लावलेली अजून किती जणं आहेत, त्यांना एकेकाला फोन करून डॉक्टरकडे पाठवा. आज, पुढच्या शिबिरानंतर नाही.